नाव सांगा आणि तिकीट घ्या

माझा पोटापाण्याचा धंदा नावांचा आहे. म्हणजे मी ज्योतिषी नाही, की बारशाचा गुरुजी नाही. मी बँकेत कारकून आहे. बी.कॉम. झालो आणि गेली बावीस वर्षं काउंटरच्या अलीकडे बसून पलीकडच्या माणसांची नावं तपासतो आहे. एका कुलकर्ण्यांचे पैसे दुसऱ्या कुलकर्ण्यांच्या खात्यात गेले, तर दोन्ही कुलकर्णी माझ्यासमोर येऊन उभे राहतात. त्यातला एक ओरडत असतो आणि दुसरा गप्प असतो. गप्प असलेल्याकडून पैसे परत मिळवणं जास्त अवघड.

'नावाला काय महत्त्व आहे,' अशा अर्थाचं शेक्सपिअरची एक नायिका बोलून गेली आहे, आणि फॉर्मवर नाव चुकवणारा प्रत्येक सुशिक्षित खातेदार मला ते ऐकवतो. त्या बाईंचं आमच्या बँकेत खातं नव्हतं, एवढंच मी म्हणतो. शिवाय ते वाक्य ज्या नाटकात आहे, त्या नाटकाला शेक्सपिअरने नाव काय दिलं? 'रोमिओ आणि ज्युलिएट'. एका नावावरही भागवलं नाही गृहस्थाने. दोन लागली!

तेव्हा नाव या विषयावर बोलण्याचा मला थोडाफार अधिकार आहे, असं समजून मी आज एक तक्रार मांडणार आहे. तक्रार मराठी सिनेमांच्या नावांबद्दल आहे. आमच्या भाषेत सांगायचं, तर सिनेमाचं नाव बेअरर चेकसारखं असावं. ज्याच्या हातात पडेल, त्याने खिडकीवर नेऊन द्यावा आणि माल घेऊन यावं. चेक आणणारा कोण, शिकलेला किती, हे विचारायचं कारण नाही. हल्लीची नावं मात्र दोन रेघा मारलेल्या क्रॉस चेकसारखी झाली आहेत. ती दिग्दर्शकाच्या खात्यातच जमा होतात. बाहेर कुणालाही वटवता येत नाहीत.

हे सगळं सुचायला कारण घडलं ते आमच्या तळमजल्यावरच्या काकूंमुळे.

एका रविवारी संध्याकाळी काकू वर आल्या. डोळे सुजलेले. आईने घाबरून विचारलं, "काय हो, काय झालं?"

"वहिनी, काय सुंदर सिनेमा बघून आले म्हणून सांगू! दोन रुमाल भिजले. ते कोकणातलं घर, ती म्हातारी, आणि शेवटी ते पत्र सापडतं ना... नाही, सांगत नाही. तुम्ही बघाच."

आमच्या आईचं वय सत्तरीच्या पुढे. गुडघ्यांमुळे ती वर्षातून एखादाच सिनेमा बघते, आणि तोही कुणी खात्रीने सांगितला तरच. ती लगेच माझ्याकडे वळून म्हणाली, "अरे, शनिवारची तिकिटं काढ." मग काकूंना विचारलं, "नाव काय म्हणालात?"

"नाव ना... थांबा हं. 'मन' आहे त्यात. का 'क्षण'? 'पुन्हा' तर नक्की आहे. 'पुन्हा' आधी आहे का नंतर आहे, एवढंच आठवत नाही."

काकूंची स्मरणशक्ती कमी आहे असं कुणी समजू नये. सोसायटीतल्या कुणी कुठल्या महिन्याचा मेन्टेनन्स थकवला आहे, हे त्या सेक्रेटरीपेक्षा आधी सांगतात. अडीच तास रडवणाऱ्या सिनेमाचं नाव तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यापर्यंत टिकलं नाही, यात दोष काकूंचा नाही. जिना काही फार मोठा नाही.

आता आईचं सांगतो. आमची आई कॅलेंडर वापरते ते फक्त दुधाचा हिशेब लिहायला. वर्षं ती सिनेमांनी मोजते. तिचं लग्न 'पांडू हवालदार'च्या वर्षी, म्हणजे १९७५ साली झालं. ताई 'राम राम गंगाराम'ची, १९७७ची. मी 'ह्योच नवरा पाहिजे'चा, १९८०चा. (हे नाव माझ्या सौभाग्यवतींच्या तोंडून मी आजपर्यंत ऐकलेलं नाही. ती योगायोगाची गोष्ट आहे, असं मी मानतो.) बाबा गेले त्या वर्षी 'श्वास' लागला होता, २००४ साली. सगळा महाराष्ट्र तो बघत होता. आई अर्थातच गेली नाही, पण नाव तिच्या लक्षात आहे.

ही नावं तिच्या डोक्यात अर्धं शतक कशी टिकली? तिने काही पाठांतर केलेलं नाही. ती नावं तोंडात बसणारी होती, एवढंच. दादा कोंडक्यांचा हिशेब साधा होता. जे लोकांच्या तोंडात आधीपासून आहे, तेच पोस्टरवर लिहायचं. 'एकटा जीव सदाशिव' लोक म्हणतच होते. रस्त्यात कुणी भेटला की 'राम राम' करतच होते. नावाची जाहिरात लोकांनी आधीच फुकट करून ठेवली होती. दादांनी फक्त त्या नावाखाली सिनेमा काढला. १९७८च्या 'बोट लावीन तिथं गुदगुल्या'चं नाव घरात मोठ्यांसमोर घेण्याची सोय नव्हती. बाबा आजोबांना 'जरा बाहेर जाऊन येतो' असं सांगून आईला घेऊन निघाले. आजोबांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "पहिल्या खेळाला का दुसऱ्या?" जे नाव घेता येत नाही, तेही न घेता समजतं, याला म्हणतात नाव.

माझा मुद्दा चावटपणाचा आहे, असं मात्र समजू नका. प्रभातचं 'कुंकू' घ्या. १९३७ सालचा सिनेमा. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली एक मुलगी त्या लग्नाला नवऱ्यासमोर उभी राहून नकार देते, हा विषय. नाव काय, तर जे त्या काळी प्रत्येक बाईच्या कपाळावर होतं ते. थिएटरात शिरण्याआधीच भांडण कशावरून आहे ते कळलं. मग 'माणूस', १९३९. 'शेजारी', १९४१. हिंदीत त्यांचेच 'आदमी' आणि 'पडोसी' झाले. साधे, घरातले, रोजचे शब्द. या शब्दांना टाच उंचावून बघावं लागत नाही.

किंवा बोलणारी नावं घ्या. 'सांगत्ये ऐका', १९५९. अनंत माने यांचा सिनेमा. नावातच एक बाई पदर खोचून समोर उभी आहे आणि आपल्याला खाली बसायला सांगते आहे. पुण्याच्या विजयानंदला लोक शंभराहून जास्त आठवडे ऐकत बसले. त्याच मान्यांचा 'एक गाव बारा भानगडी', १९६८. सिनेमा न पाहिलेली माणसंसुद्धा आज आपल्या सोसायटीचं वर्णन याच चार शब्दांत करतात. आमच्या बँकेत कर्जाच्या अर्जाला खोटा पगारपत्रक जोडलेला सापडला, की हेडक्लार्क कागद उंच धरून एवढंच म्हणतात, "अशी ही बनवाबनवी!" १९८८चा सिनेमा. अजून आमच्या शाखेत चालू आहे.

आमच्या शाखेत एक ऑफिसर आहेत. ते कुठल्याशा फिल्म सोसायटीचे जुने सभासद. ते सिनेमाला 'चित्रकृती' म्हणतात आणि मध्यंतरात सामोसा खात नाहीत. माझं हे सगळं ऐकून ते म्हणाले, "तुम्ही फक्त गल्ल्याचा विचार करता. शीर्षक सूचक असावं, तरल असावं, अनेकपदरी असावं."

मी म्हटलं, "साहेब, साडीला एकच पदर असतो आणि तो पुरतो. 'माहेरची साडी', १९९१. दोन शब्द. कशाला रडायचं आहे, हे उभ्या महाराष्ट्रातल्या बायकांना घरातून निघतानाच माहीत होतं. रुमाल बरोबर नेले होते."

साहेब प्रमोशनवाले. ते हरत नसतात. म्हणाले, "मग 'फँड्री'चं काय? ते नाव किती जणांना कळलं होतं?"

इथे मला प्रामाणिकपणे कबूल केलं पाहिजे, की साहेबांचा मुद्दा बिनतोड होता. 'फँड्री' हा कैकाडी भाषेतला शब्द. अर्थ डुक्कर. आपल्यातल्या बहुतेकांनी तो त्या सिनेमामुळेच पहिल्यांदा ऐकला. २०१६च्या 'सैराट'चा नेमका अर्थ सांगा म्हटलं, तर आजही दहा माणसं दहा अर्थ सांगतील. पण विसरला कुणी? नाही. कारण तो शब्द गोष्टीच्या पोटातून आलेला होता. 'फँड्री' बघून बाहेर पडणाऱ्या माणसाला दुसरा कुठलाही शब्द सुचूच शकत नव्हता. म्हणजे शब्द ओळखीचा असला पाहिजे असं नाही. तो त्या सिनेमाचाच असला पाहिजे. दुसऱ्या कुणाला न बसणारा. ज्याच्या त्याच्या सहीसारखा.

लांबीचाही प्रश्न नाही. 'अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है' हे १९८०चं नाव एका दमात म्हणता येत नाही, पण ते विसरताही येत नाही. उलट त्या गुश्शाचं कारण जाणून घ्यावंसं वाटतं. '२२ जून १८९७' हे तर मला फारच आवडणारं नाव. १९७९चा सिनेमा. पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली ती तारीख. नावात शब्द म्हणून एक महिना आहे, बाकी सगळे आकडे. कॉमर्सच्या माणसाला याहून काय हवं?

इंग्रजी शब्दांनाही माझी हरकत नाही. 'डबल सीट' हे २०१५चं नाव अस्सल मराठी आहे. सायकलवर मागे बसलेल्या माणसाला आपण मराठीत दुसरं काय म्हणतो? 'मुंबई-पुणे-मुंबई' तर एसटीच्या पाटीवरून उतरवल्यासारखं आहे. ज्या प्रवासाला लाखो माणसं शिव्या देत जातात, त्याचं नाव विसरणार कोण?

मग माझं भांडण आहे तरी कुणाशी? सांगतो.

माझं पहिलं भांडण वाडग्याशी आहे. हल्ली सिनेमाचं नाव ठरवताना एक वाडगा घेतात, असा माझा पक्का संशय आहे. त्यात तू, मी, ती, मन, क्षण, नातं, प्रेम, पुन्हा, थोडं आणि असंही अशा चिठ्ठ्या टाकतात. मग हाऊजीसारखा वाडगा हलवतात आणि तीन चिठ्ठ्या काढतात. निघेल ते नाव. 'थोडं मन पुन्हा' निघालं तरी चालतं आणि 'पुन्हा थोडं मन' निघालं तरी चालतं. त्या नावाखाली प्रेमकथा घाला, खून घाला, शेतकऱ्याचं कर्ज घाला, सगळं बसतं. आणि जे सगळ्यांना बसतं, ते कुणाचंच नसतं. आमच्याकडे अशा खात्याला सस्पेन्स अकाउंट म्हणतात. कुठे टाकायचे ते कळत नाही, असे पैसे त्यात टाकतात.

माझं दुसरं भांडण चित्रकाराशी आहे. नाव बरं असलं, तरी पोस्टरवर ते वाचता येऊ द्यायचं नाही, असा हल्ली पण केलेला दिसतो. ऐतिहासिक सिनेमा असेल तर वेलांटीची तलवार होते, रुकाराची ढाल होते आणि मात्रेतून घोडा बाहेर येतो. कौटुंबिक असेल तर अनुस्वाराचा अश्रू ओघळून खालच्या ओळीत पडतो, आणि तिथल्या निर्मात्याच्या नावावर विनाकारण अनुस्वार येतो. डोंबिवली स्टेशनवर एका पोस्टरसमोर मी एकदा दोन लोकल सोडल्या. तिसरी सोडणं नोकरीच्या दृष्टीने शक्य नव्हतं. नाव अजून लागलेलं नाही.

माझं तिसरं भांडण ग्रहांशी आहे. अंकशास्त्री सांगतात म्हणून इंग्रजी स्पेलिंगात एखादं अक्षर जादा घालायचं. हिंदीतले एक मोठे निर्माते-दिग्दर्शक आपल्या सिनेमांची नावं इंग्रजी 'के'वरून ठेवत आले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात १९८७चा 'खुदगर्ज' आहे, १९८८चा 'खून भरी मांग' आहे, २०००चा 'कहो ना... प्यार है' आहे. आता आपण हीच नावं देवनागरीत लिहून पाहिली, तर काही 'क'ची निघतात आणि काही 'ख'ची. म्हणजे ग्रहांना फक्त इंग्रजी लिपी वाचता येते, असं मानायचं का? आपल्या पत्रिका तर भटजी मराठीत लिहितात. हा प्रश्न मी आमच्या शाखेतल्या, तीन बोटांत तीन खडे असलेल्या कॅशियरना विचारला. त्यांनी माझ्याशी दोन दिवस अबोला धरला.

आता फिल्म सोसायटीवाल्या साहेबांचा शेवटचा मुद्दा. ते म्हणाले, "हल्ली नाव तोंडाने घेतो कोण? मोबाइल उघडायचा, चित्र बघायचं, बोट लावायचं."

बोट लावीन तिथं तिकीट! पण कुठल्या चित्राला बोट लावायचं, हे माणसाला कळतं कुठून? कुणीतरी तोंडाने सांगितल्याशिवाय? मोठ्या हिंदी सिनेमाकडे पैसा असतो. तो बसवर दिसतो, टीव्हीवर दिसतो, बिस्किटाच्या पुड्यावर दिसतो. नाव विसरलात तर तो पुन्हा आठवण करून देतो. मराठी सिनेमाची सगळी ठेव एकच, आमच्या काकूंसारख्या बायकांचं तोंड. एकीने दुसरीला सांगायचं, दुसरीने तिसरीला. हे भांडवल बिनव्याजी आहे, बिनतारणाचं आहे आणि निर्मात्याने ते नाव ठेवतानाच बुडवलेलं असतं.

मुदतीचंही बघा. पूर्वी चेक सहा महिने चालायचा. २०१२च्या एप्रिलपासून तो तीन महिने चालतो. मराठी सिनेमा शुक्रवारी लागतो आणि गर्दी नसली तर पुढच्या गुरुवारी उतरतो. त्या सात दिवसांत नाव एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेलं पाहिजे. रस्त्यात हरवलं, की संपलं.

यावर माझी एक योजना आहे. सिनेमाचं नाव निर्मात्यांच्या संघटनेकडे नोंदवावं लागतं. ते दुसऱ्या कुणी आधी घेतलेलं नाही ना, हे तिथे बघतात. ते उच्चारता येतं का, हे कुणी बघत नाही. तेव्हा नोंदणीआधी एक तोंडी परीक्षा ठेवावी. पहिला पेपर: एकाने डोंबिवलीच्या एका प्लॅटफॉर्मवर उभं राहून समोरच्या प्लॅटफॉर्मवरच्या मित्राला नाव ओरडून सांगावं, मधून फास्ट लोकल जात असताना. दुसरा पेपर: कवळी काढून ठेवलेल्या एका आजींनी ते नाव घ्यावं. तिसरा पेपर: तीन दिवसांनी त्याच आजींना पुन्हा विचारावं. तिन्हींत पास झालं, तर शिक्का मारावा. नापास झालं, तर वाडगा परत करावा.

असो. आमच्या शनिवारचं काय झालं, ते सांगून संपवतो.

सोमवारी मी पेपरातली जाहिरात पाहिली. मराठी सिनेमे चार लागले होते. दोन नावांत 'मन' होतं, एकात 'पुन्हा' होतं आणि चौथ्याचं नाव चित्रकाराने वाचू दिलं नाही. मंगळवारी काकूंना चारही नावं वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "सगळी बरोबर वाटतात रे." बुधवारी काकूंच्या बहिणीला फोन झाला. दोघी बरोबरच गेल्या होत्या. तिने नटीचं नाव सांगितलं, तिच्या साडीचा रंग सांगितला, थिएटरात एसी किती होता तेही सांगितलं. गुरुवारी मी बँकेतून येताना थेट मल्टिप्लेक्सच्या खिडकीवर गेलो.

"ते कोकणातलं घर, म्हातारी, शेवटी पत्र सापडतं, तो सिनेमा आहे का?"

"सर, नाव?" खिडकीतल्या मुलाने विचारलं.

बावीस वर्षं मी हाच प्रश्न लोकांना विचारत आलो आहे. तो अलीकडून किती तुसडा वाटतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मुलगा भला होता. त्याने आत कुणाला तरी विचारलं. "तो ना? तो सकाळी ११ वाजून १० मिनिटांना होता, सर. आज शेवटचा शो झाला. उद्यापासून नाही."

"त्याचं नाव काय होतं?"

त्याने आठवून पाहिलं. मनापासून आठवून पाहिलं. मग म्हणाला, "आम्ही त्याला 'स्क्रीन तीन'च म्हणायचो."

घरी येऊन आईला सांगितलं. ती काही बोलली नाही. भाजी निवडत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "'श्वास'पण राहिलाच होता माझा."

'श्वास' राहिला, तो तिने मनाने ठेवला. पण तो राहिला, हे तिला कुणालाही नाव घेऊन सांगता येतं. हा कुठला राहिला, तेही तिला सांगता येत नाही. कुणीतरी जीव ओतून तो सिनेमा केला असेल, कर्ज काढलं असेल, कदाचित आमच्याच बँकेचं. आणि ज्या बाईसाठी केला, ती तिकिटाचे पैसे पदरात बांधून तयार बसली होती. मधे फक्त एक नाव यायचं होतं.

परवा काकू पुन्हा वर आल्या. पुन्हा डोळे सुजलेले. "वहिनी, याहून सुंदर! आणि या वेळी विसरणार नाही बरं का, लिहूनच आणलंय," असं म्हणून त्यांनी माझ्या हातात एक चिठ्ठी ठेवली. आमच्याच बँकेच्या पैसे भरायच्या स्लिपच्या पाठीवर लिहिलेली.

मी चष्मा लावून वाचली. थिएटर होतं, वार होता, वेळ होती, खुर्च्यांचे नंबर होते, पार्किंगचे किती घेतात तेही होतं. आणि नाव असायला हवं होतं, त्या जागी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: 'मराठी'.